हुबेहूबपणाची दंतकथा

पुनावळ्याच्या सोसायट्यांत चाकणला कामाला जाणारी मंडळी पुष्कळ. जर्मन मालाची थोरवी त्यांना वेगळी सांगावी लागत नाही. म्हणूनच जुन्या जर्मन खेळण्यातल्या रेल्वेचा विषय निघाला की निकाल ठरलेला: खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी प्रत, म्हणून मेर्कलिनचं नाव झालं. मला हे कार्यकारणच उलटं वाटतं.

पूर्वपक्ष पोकळ नाही. 1:87 प्रमाणातल्या रुळांमधल्या 16.5 मिलिमीटर अंतराला 87 ने गुणलं की खरा 1435 मिलिमीटरचा गेज जवळजवळ तंतोतंत मिळतो. 1972 मध्ये मेर्कलिनने 1:220 प्रमाणाची गाडी आणली, ती तर घड्याळजीची करामत. पण नाव त्याच्या कितीतरी आधी झालं होतं, आणि ते ज्या खेळण्यांवर झालं त्यांत हुबेहूबपणा बेताचाच. 1935 मध्ये आलेल्या त्यांच्या छोट्या गाडीच्या रुळांमध्ये विजेसाठी मधोमध तिसरा रूळ होता. पुढे घरोघरी गेलेल्या वळणाची त्रिज्या 36 सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम 31 मीटर. आपल्या ब्रॉडगेजवर 175 मीटरहून तीव्र वळण चालत नाही. एवढ्या वळणावर फिरावेत म्हणून डबेही आखूड केलेले. नुरेंबर्गची बिंग कंपनी तर बॅसेट-लोक या इंग्रज विक्रेत्यासाठी तिकडच्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत इंजिनं बनवी. गिऱ्हाईक जसं, तसा रंग!

मग नाव कशाने झालं? 1859 मध्ये ग्योपिंगेनला हा कारखाना बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडी करू लागला. भातुकली एकदम घेत नाहीत, दरवर्षी तीत भर पडते. 1891 च्या लायप्झिग जत्रेत मेर्कलिनने हाच हिशेब रुळांना लावला: किल्लीची गाडी, इंग्रजी आठच्या आकाराचा मार्ग आणि क्रमांक दिलेले ठराविक गेज. आज इंजिन घ्या, पुढच्या नाताळात सांधा, जोडणी बसणारच. पार्टचं रूप नंतर, आधी तो माप तपासणाऱ्या गो-नो-गो गेजमधून पास झाला पाहिजे, हे चाकणच्या क्वालिटीवाल्याला मी काय सांगावं?

कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथलं प्रमाणही 1:87. या प्रमाणात आपला 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज 19.3 मिलिमीटर भरतो. तरी भारतीय गाडीचं मॉडेल करणारा हौशी माणूस बहुधा 16.5 चाच रूळ घेतो. पावणेतीन मिलिमीटरची खोट तो जाणूनबुजून पत्करतो, कारण त्या मापाचे रूळ, सांधे आणि चाकं तयार मिळतात.