जाहिरातींचे पाठभेद

दिवाळी अंकात कथा ऐन भरात आली असताना मध्येच दागिन्यांच्या जाहिरातीचे पान लागते. आपण पान उलटतो आणि कथेत परततो. लेखकावर कुणी रागावत नाही. डिकन्सच्या कादंबऱ्यांच्या मासिक हप्त्यांनाही जाहिरातींची पाने जोडलेली असत, परंतु ती कथेच्या मजकुराबाहेर. व्हिडिओ गेमचा इतिहास चाळताना आम्हांला हा फरक प्रकर्षाने जाणवला. तेथे जाहिरात कल्पित विश्वाच्या आतच उभी असते. उलटायला पान नसते.

आरंभ तसा निरुपद्रवी आहे. १९७८ सालच्या ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’ या निव्वळ शब्दांतून खेळल्या जाणाऱ्या खेळात त्याच कर्त्याच्या पुढील खेळाची जाहिरात होती. आपल्याकडे पुस्तकाच्या शेवटी ‘आगामी’ म्हणून असते तशीच. १९८२ च्या ‘पोल पोझिशन’मध्ये मोटारशर्यतीच्या मार्गालगत फलक आले. शर्यतीच्या मार्गावर फलक असतातच. ते नसते तर मार्गच खोटा वाटला असता. मात्र जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांतील फलक एकसारखे नव्हते. साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला पाठभेद येथे व्यापाराच्या हातून घडतो. १९८३ च्या ‘टॅपर’मध्ये खेळाडू गिऱ्हाइकांना बिअर देतो आणि पडद्यावर बडवायझरचे चिन्ह झळकते. ही मुलांसमोर मद्याची जाहिरात ठरेल म्हणून १९८४ मध्ये त्याच खेळात बिअरच्या जागी रूट बिअर हे बिनमद्याचे पेय आले. १९९२ च्या ‘झूल’मधील चुपा चुप्स या गोळ्यांच्या खुणांविषयी फार बोलायला नको, तो परग्रहावरचा निंजा मिठाईच्याच देशात हिंडतो, तेव्हा त्या तेथे खपून जातात.

खरा प्रश्न २००६ साली उपस्थित झाला. ‘बॅटलफील्ड २१४२’ हा हिमयुगात बुडालेल्या भावी पृथ्वीवरील युद्धाचा खेळ. पूर्ण किंमत मोजून तो घरी आणणाऱ्यांना खोक्यात एक चिठ्ठी सापडली. खेळातील फलकांवर इंटरनेटवरून जाहिराती येतील; त्यासाठी संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता, तसेच जाहिरात किती वेळ आणि कोणत्या कोनातून दिसली याची माहिती गोळा केली जाईल; हे मान्य नसेल त्याने इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर हा खेळ बसवूच नये, असा तिचा आशय होता. खेळाडू संतापले. बाविसाव्या शतकाच्या रणभूमीवर चालू वर्षाचा माल मांडला हे विसंगत होतेच. पण अधिक बोचली ती पाळत. आम्हांस हा संताप सर्वस्वी रास्त वाटतो. शर्यतीच्या फलकाकडे खेळाडू पाहत होता. येथे फलक खेळाडूकडे पाहू लागला, आणि तेही त्याच्याच पैशाने.

शिवाय संहिताच अस्थिर झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘बर्नआउट पॅरडाइज’च्या रस्त्यांवर बराक ओबामांच्या प्रचाराचे फलक दिसले, तेही निवडक अमेरिकी राज्यांतील खेळाडूंनाच. तोच खेळ शेजारच्या राज्यात वेगळा असू शकत होता, आणि महिन्याभरानंतर सर्वत्रच वेगळा. अशा जाहिराती पुरवणारी ‘मॅसिव्ह’ ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि २०१० मध्ये बंद केली. त्या काळच्या खेळाडूने नेमके काय पाहिले हे आज तबकडीवरून कळत नाही. ‘झूल’मधल्या गोळ्या तेवढ्या जागच्या जागी आहेत!

खेळाडूंच्या तक्रारीनेही पाठ बदलतो. २०२० मध्ये ‘यूएफसी ४’ या विकतच्या खेळात, एखादा प्रहार पुन्हा दाखवला जात असताना, ‘द बॉइज’ या मालिकेची जाहिरात झळकू लागली. ओरड होताच कंपनीने ती काढली व क्षमा मागितली. ‘डेथ स्ट्रँडिंग’ची गोष्ट थोडी वेगळी. २०१९ च्या मूळ खेळात उद्ध्वस्त जगातला नायक आपल्या खोलीत मॉन्स्टर एनर्जी हे बाजारातले पेय पितो. कित्येकांना ते विचित्र वाटले. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी खेळातल्याच संस्थेच्या नावाचे काल्पनिक पेय आले. कलाकृती म्हणून दुसरा पाठ निर्दोष आहे हे आम्ही मान्य करतो. तरी विद्यार्थ्याने निबंधासाठी कोणता घ्यावा असे विचारल्यास आम्ही पहिलाच सुचवू, मॉन्स्टरच्या डब्यासकट.