आगबोटीवरील बिदागी

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींत समुद्रपर्यटनास जाण्याचा प्रघात बराच वाढला आहे. मुले अमेरिकेत स्थायिक झालेली असतात. ती आईवडिलांना बोलावून घेतात आणि आठवडाभरासाठी कॅरिबियन बेटांकडे किंवा अलास्काकडे जाणाऱ्या बोटीवर चढवून देतात. परत आल्यावर बर्फाच्या कड्यांची आणि आठ मजली जेवणावळींची वर्णने होतात. पण बैठक जरा रंगली की एक तक्रार हमखास ऐकू येते. शेवटच्या दिवशी हाती आलेल्या बिलात माणशी दररोज सोळा ते वीस डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून लावलेले होते. दोघांचे सात रात्रींचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी डॉलर झाले, आणि ‘आम्ही सरळ काउंटरवर जाऊन ते काढावयास लावले.’ सांगणाऱ्याच्या स्वरात लबाडी वेळीच ओळखल्याचे समाधान असते. बक्षीस हे खुशीचे, ते बिलात कसे येते, हा त्यांचा सवाल वरवर पाहता बिनतोडही वाटतो. त्याचे उत्तर आगबोटीच्या नियमपत्रिकेत शोधून सापडत नाही; ते या प्रथेच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात आपले शेजारीच मोठ्या संख्येने उभे आहेत.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. वेतनाबाहेर दिल्या जाणाऱ्या पैशाला मराठीत एक नव्हे, अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा मान वेगळा. चिरीमिरी हा शब्द उच्चारतानाच नाक मुरडले जाते. इनाम वरून खाली येते. दिवाळीची पोस्त मात्र निराळी. किती द्यायची हे देणारा ठरवी, परंतु द्यायचीच नाही असे ठरविण्याची मुभा त्याला नसे. वाड्यावरचा गडी, न्हावी, टपालवाला पाडव्याला दारात उभा राही तो याचकाच्या भूमिकेतून नव्हे. बिदागीची कथा याहून बोलकी आहे. बिदा करतेवेळी, म्हणजे निरोप देताना, गवयाच्या किंवा कीर्तनकाराच्या हाती ठेवायची ती बिदागी. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या दरबारांच्या छायेत वाढलेल्या घरांना हे सांगावयास नको. आज आपण ‘बिदागी आधी ठरवून घ्या’ असे सहज म्हणतो आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. निरोपाची भेट होती, ती ठरलेला मोबदला झाली.

इंग्रजांकडेही असेच घडले, फक्त जरा आरडाओरड होऊन. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये एखाद्या मोठ्या घरी पाहुणा म्हणून जेवावयास किंवा राहावयास गेलेल्या माणसाला निघताना दिवाणखान्याच्या दाराशी सेवकांची रांग उभी दिसे. टोपी देणारा, छडी देणारा, घोडा धरणारा, प्रत्येकाच्या हातावर काही ठेवावे लागे. या देण्याला ‘वेल्स’ म्हणत. लहान उत्पन्नाच्या माणसाला श्रीमंत मित्राकडे फुकट जेवणे परवडेनासे झाले. जोनास हॅनवे या गृहस्थाने १७६० च्या सुमारास या प्रथेविरुद्ध लेखणी उचलली. त्याने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या आचाऱ्याने एका पाहुण्याचे चांदीचे नाणे, आपण चांदी घेत नसतो म्हणून परत केले. तेव्हा पाहुण्याने, आपणही सोने देत नसतो असे सांगून ते शांतपणे खिशात टाकले. स्कॉटलंडातील सरदारांनी ही प्रथा बंद करण्याचे ठराव केले. लंडनमध्ये १७६४ साली रॅनलॉ उद्यानात संतप्त सेवकांनी दंगा केला. त्यांचा राग निव्वळ लोभाचा नव्हता. पुष्कळ धनी वेतन ठरवितानाच पाहुण्यांकडून येणारी कमाई हिशेबात धरीत आणि तेवढे वेतन कमी देत. पाहुण्याने देणे थांबविले आणि धन्याने वाढविले नाही, तर मधला माणूस उघडा पडतो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे आगबोटीवर त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आगबोटीने या इंग्रजी वाड्याचीच रीत उचलली असे मला वाटते. खाणावळीत किंवा टांग्यात माणूस तासभर असतो. बोटीवर तो अनेक दिवस राहतो, जेवतो, झोपतो, आजारी पडतो आणि मग निरोप घेतो. कप्तान यजमान आणि उतारू पाहुणा, हा देखावा आजतागायत जपला जातो. गंमत अशी की आरंभीच्या आगबोटींनी हा प्रश्न अगदी रोखठोक सोडविला होता. १८४० च्या आसपासच्या जाहिरातींत भाड्याच्या आकड्याजवळच ‘स्टुअर्डची फी’ हे कलम छापलेले आढळते. काही कंपन्या ती वेगळी आकारीत. हिंदुस्थानच्या मार्गावरील पी. अँड ओ. कंपनी ती भाड्यातच धरी. म्हणजे ज्या कलमाला आपली मंडळी नवी लबाडी समजतात ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे आहे.

पुढे हे कलम गळाले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, बोटी मोठ्या झाल्या, कंपन्यांत चढाओढ लागली, आणि स्टुअर्डचे पोट उताऱ्यांच्या मर्जीवर सोडून देणे सर्वांनाच सोयीचे ठरले. त्या ‘सर्वां’त अर्थातच स्टुअर्ड नव्हता. मग एक शिष्टाचार वाढीस लागला. खोली आवरणारा, मेजावर वाढणारा, डेकवर खुर्ची मांडून पायांवर घोंगडी घालणारा, धूम्रपानगृहातला, आणि ठरल्या वेळी समुद्राच्या पाण्याने स्नानाचे टब भरून ठेवणारा, अशा प्रत्येकाचा वेगळा वाटा. तो प्रवासाच्या शेवटच्या दिवशी द्यावयाचा. कोणास किती द्यावे याच्या सूचना प्रवासमार्गदर्शक पुस्तकांतून छापल्या जात. १९१२ साली ‘टायटॅनिक’वरील खोलीच्या स्टुअर्डला महिना सुमारे पावणेचार पौंड वेतन होते; बाकीची भिस्त उताऱ्यांवर. जहाज बुडाले त्या घटकेपासून खलाशांचे वेतनही थांबले, कारण नोकरी जहाजाबरोबर संपली असे समजले जाई.

आपल्याकडून जाणारा नवखा उतारू या रीतीरिवाजांनी गांगरून जाई. १८८८ साली मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेल्या मोहनदास गांधींनी काटेचमचे वापरता येत नाहीत आणि कोणता पदार्थ बिनमांसाचा हे विचारण्याचा धीर होत नाही म्हणून आपल्या खोलीतच जेवण उरकल्याचे आत्मचरित्रात नमूद केले आहे. पण ज्याला विचारावयाचे तो माणूस या हिंदुस्थानच्या बोटींवर पुष्कळदा गोमंतकीय असे.

पी. अँड ओ.च्या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ जातवार होती. डेकवर मुसलमान लस्कर, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, आणि भोजनगृहात व खोल्यांत गोव्याचे ख्रिस्ती. कारण उघड होते. गाईचे, डुकराचे मांस आणि दारू यांना हात लावण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, आणि मुंबईतील साहेबांच्या घरी आचारी व बटलर म्हणून त्यांचा हात आधीच बसलेला होता. सालसेत, बार्देशातील गावेच्या गावे अशा तारवट्यांच्या पैशावर उभी राहिली. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या बाजूंना एकेका गावाचे ‘कूड’ निघाले. लहानशी वर्गणी, एक पेटी ठेवण्यापुरती जागा, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, आणि पुढच्या बोटीची वाट. या मंडळींचे करार ‘एशियाटिक’ म्हणून वेगळे असत आणि त्यांचे वेतन युरोपीय खलाशाच्या वेतनाचा एक लहान अंश असे. त्यामुळे निरोपाच्या दिवशी हातावर पडणाऱ्या शिलिंगांना त्यांच्या घरी जे मोल होते ते देणाऱ्या साहेबाच्या कल्पनेपलीकडचे होते. गोव्याच्या खेड्यांतील जुन्या घरांचे व्हरांडे, विलायती काचसामान, मुलांची इंग्रजी शाळा, यांतले वेतनाचे किती आणि बक्षिसीचे किती याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट आगगाडीत घडली. पुलमन कंपनीने शयनगाड्यांवर गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय नोकर ठेवले आणि तुटपुंजे वेतन देऊन बाकीचे उताऱ्यांवर सोपविले. बक्षिसीस कायद्यानेच बंदी घालण्याचा प्रयोगही तिथे झाला. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली केलेला कायदा १९१३ साली रद्द झाला, आणि १९२६ पर्यंत असे सारे कायदे गेले. पुलमनच्या नोकरांची स्थिती बदलली ती १९२५ साली संघटना स्थापून १९३७ साली त्यांनी वेतनाचा करार मिळविला तेव्हा.

समुद्रावर मात्र असा करार लांबच राहिला. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि प्रवासी बोटींचा धंदा बसला. तो सावरला मौजेच्या सफरींनी. नॉर्वेजियन १९६६ साली, रॉयल कॅरिबियन १९६८ साली आणि कार्निव्हल १९७२ साली सुरू झाली. जहाजांवर निशाण पनामाचे, लायबेरियाचे किंवा बहामाचे, उतारू अमेरिकन, आणि नोकर फिलिपिन्स, इंडोनेशिया व हिंदुस्थानातले. यामुळे कोणत्याही श्रीमंत देशाचा किमान वेतनाचा कायदा या नोकरांना लागू होत नाही, आणि तिकीट स्वस्त ठेवता येते. उरलेला भाग उतारूने भरावयाचा. शेवटच्या रात्री खोलीत कोरी पाकिटे ठेवलेली असत व सोबत एक छापील सूचनापत्र. १९९० च्या दशकात खोली आवरणाऱ्यास आणि वाढप्यास माणशी दररोज साडेतीन डॉलरच्या आसपास, साहाय्यकास त्याच्या निम्म्याच्या थोडे वर, असा साधारण भाव होता. जेवणाचे मेज आणि वाढपी आठवडाभर तेच असत. तो आपले नाव, पथ्यपाणी लक्षात ठेवी, त्यामुळे पाकीट देताना हातात हात मिळे. ही खरोखरीची बिदागी होती. पण काही चतुर उतारू शेवटच्या रात्री भोजनगृहात फिरकतच नसत, हेही खरे. वाढपी वाट पाहत उभा राही.

हॉलंड अमेरिका कंपनीने ‘बक्षीस आवश्यक नाही’ असे धोरण अनेक वर्षे मिरविले. ‘आवश्यक नाही’ हा शब्दप्रयोग मोठा मुत्सद्दीपणाचा होता. देऊ नका असे तो सांगत नव्हता, आणि जाणते उतारू देतच होते. २००४ साली त्या कंपनीनेही दररोज माणशी दहा डॉलरचे कलम बिलात आणले. त्याआधी २००० साली नॉर्वेजियनने ही सुरुवात केली होती. कारण व्यवहारी होते. त्यांनी ठरावीक वेळ आणि ठरावीक मेज ही पद्धतच काढून टाकली. रोज नवे मेज, रोज नवा वाढपी, मग पाकीट द्यावयाचे कोणाला? तेव्हा सर्वांचे मिळून एक कलम. मुदपाकखान्यात भांडी घासणारा, धोबीखान्यात चादरी उकळणारा, ज्यांना उतारू कधी पाहतही नाही, त्यांनाही त्यात वाटा मिळतो असे कंपन्या सांगतात. हे न्याय्य वाटते. पण वाटणीचा तपशील उतारूपुढे क्वचितच येतो, आणि या बाबतीत मंडळींच्या संशयाला मी निराधार म्हणणार नाही. जे वेतन कंपनीने द्यावयाचे ते ‘आभार’ या नावाखाली दुसऱ्याकडून वसूल करणे ही हातचलाखीच आहे. वाद आहे तो इतकाच की, त्या हातचलाखीचा दंड कोणी भरावा?

इथे एका शब्दाची गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द आपल्या निवृत्त मंडळींना चांगला परिचयाचा आहे. तीही मुळात मालकाच्या खुशीची देणगीच होती. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कामगाराचा तो हक्क झाला, वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने. ती रक्कम हाती घेताना ‘खुशीचे देणे सक्तीचे का?’ असा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

समुद्रावरील नोकरांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा २००६ चा करार २०१३ साली अमलात आला. त्यात चोवीस तासांत दहा आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांतीची किमान मर्यादा घातली आहे. वाचकांनी वजाबाकी करून पाहावी. सहा ते नऊ महिन्यांचे करार असतात, आणि त्या अवधीत साप्ताहिक सुटीचा दिवस बहुधा नसतो.

हे सारे मला पूर्वी ठाऊक होते असे नाही. पहिल्या सफरीत मीही काउंटरवर जाऊन ती रक्कम काढावयास लावली होती, आणि त्याऐवजी आमची खोली आवरणाऱ्या तरुणाच्या हाती वीस डॉलरची एक नोट ठेवून उदार झाल्याचे सुख घेतले होते. तो मडगावजवळचा होता. आम्ही घरात मराठी बोलतो हे कळल्यापासून तो आमच्याशी कोकणीत बोलू लागला होता. त्याचे आजोबा पी. अँड ओ.वर होते. त्याने नोट घेतली, आभार मानले. दोन वर्षांनी दुसऱ्या एका बोटीवर, दुसऱ्याच एका गोमंतकीयाकडून कळले की ज्यांनी कलम काढले त्यांच्या खोल्यांची यादी त्या बोटीवर वरिष्ठांकडे जाते, आणि पहिला प्रश्न खोली आवरणाऱ्यालाच विचारला जातो, ‘तुझ्या कामात काय कमी पडले?’ मी त्याला विचारले, मग काय सांगायचे? तो हसून म्हणाला, ‘काका, सॉरी म्हणायचे.’

इंग्लंडमधील पी. अँड ओ. क्रूझेस या, त्याच जुन्या नावाने चालणाऱ्या कंपनीने मे २०१९ पासून हे कलम बिलातून काढून भाड्यातच धरले. तिकीट खरेदी करतानाच ते चुकते होते, काउंटरवर जाऊन काढून घेण्यासारखे वेगळे काही उरत नाही. अमेरिकन कंपन्यांनी अद्याप तसे सरसकट केलेले नाही. त्यांच्या बोटींवर शेवटच्या सकाळी, सामान दाराबाहेर गेलेले असते तेव्हा, काउंटरपुढे रांग लागते. त्याच वेळी मागे मोकळ्या झालेल्या खोल्यांतील चादरी बदलल्या जात असतात, कारण दुपारी नवे उतारू चढावयाचे असतात.