सोसायटीच्या टेबलाचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'इतिहास' लिहा, असं कमिटीने सांगितलं. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स यांवर इतर सभासद लिहितीलच. मी आपल्या ऑफिसातल्या टेबलाबद्दल लिहितो. कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती कुठल्याच इतिवृत्तात नोंदलेली नाही.

सोसायटी स्थापन झाली तेव्हा फंडात खडखडाट होता. आपले पहिले सेक्रेटरी (आज ते आपल्यात नाहीत) ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातून हे टेबल घेऊन आले. वर शाईचे डाग आणि चहाच्या कपांची पांढरी वर्तुळं. ते म्हणाले, "सागवान आहे. पॉलिश करून घेऊ." मी खजिनदार, पॉलिशची मजुरी मला जास्त वाटली. वॉचमनच्या केबिनला लावून उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट होता, त्याचेच दोन हात मारून घेतले. सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "पैसे वाचले साहेब, पण लाकूड झाकलं गेलं." पुढे प्रत्येक सभेला ते त्याच टेबलाशी बसले, पण विषय पुन्हा काढला नाही.

आता रंगाचे पोपडे सुटले, तेव्हा टेबल भंगारात काढून सनमायक्याचं नवं घ्यावं, अशी सूचना आली. मी म्हटलं, आधी रंग काढून बघू, खर्च माझा.

पॉलिशवाल्याने रिमूव्हर लावून पत्रीने रंग खरवडला. मग काचपेपर : आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०, आणि तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवं घासलं तर ओरखडे पॉलिशखालूनही दिसतात. भेगांत लांबी भरली. हळूहळू मधासारखा रंग वर आला. तो म्हणाला, "काका, हा जुना बर्मा टीक आहे!"

बर्मा टीक म्हटलं की कोकणातल्या माणसाला थिबा राजा आठवतो. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागवान काढत असे. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये राजदरबाराने तिला जबर दंड केला. त्या वादाचं निमित्त करून इंग्रजांनी मंडालेवर फौज धाडली. राज्य गेलं आणि राजा सहकुटुंब रत्नागिरीला नजरकैदेत आला. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस आजही तिथे उभा आहे. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला.

पॉलिशवाल्याने चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली, तेव्हा मला बँकेतले दिवस आठवले. रोकडीच्या पिशव्यांवर आम्ही लाखेचीच मोहोर उठवायचो. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या बारीक किड्यांपासून ही लाख मिळते. झारखंड हे तिचं मोठं आगर. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात गाजलेलं 'फ्रेंच पॉलिश' याच लाखेचं. आपल्या आईवडिलांच्या काळातल्या ७८ च्या ग्रामोफोन तबकड्यांतही हीच असायची. मलमलीत कापूस गुंडाळून, पातळ पातळ हात देत पॉलिश चढवावं लागतं. पावसाळी हवेत ते पांढरं पडतं, म्हणून दिवाळीनंतरच काम काढलं.

एक शाईचा डाग मात्र खोलवर मुरलेला होता. "गडद स्टेन मारून लपवू का?" असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. एकदा लपवून झालं होतं.

काम झाल्यावर सेक्रेटरींच्या पत्नी खाली आल्या. त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगत होते." मला काही उत्तर सुचलं नाही. ते असताना हे काम करायला हवं होतं.

सभासदांना एकच विनंती : स्पिरिट पॉलिशवर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटतं. सभेत वाद जरूर घाला, पण कपाखाली बशी ठेवा. जुन्या खजिनदाराची एक नोंद उशिरा का होईना, दुरुस्त झाली आहे. ती आता पुढच्या कमिटीच्या ताब्यात देत आहे.