प्रकाशाने कोरलेल्या रेघा टिकवताना

गाब्रिएल लिपमन यांनी 1891 मध्ये पॅरिसला जे रंगीत छायाचित्र दाखवलं, त्यात रंगद्रव्य नव्हतं. जिलेटिनच्या थरात चांदीच्या कणांचे पापुद्रे एकावर एक बसलेले होते आणि दोन पापुद्र्यांमधल्या अंतरावरून रंग ठरत होता. अशा काचेवर नुसता श्वास सोडला तरी जिलेटिन फुगतं, अंतर वाढतं आणि रंग तांबड्याकडे सरकतो. ओल उडाली की मूळ रंग परत येतो. या काचांवर कॅनडा बाल्सम लावून काचेचा लोलक चिकटवत. त्याने वरचं परावर्तन टळे आणि दमट हवाही बाहेरच राही. होलोग्राफिक ग्रेटिंग (प्रकाशाच्या पट्ट्यांनी पदार्थात उमटवलेल्या बारीक समांतर रेघा) टिकवण्याच्या खटपटीचा उगम मी इथे धरतो, डेनिस गाबॉर यांना होलोग्राफी सुचली त्याच्या अर्धशतकाहून आधी.

लेझर 1960 मध्ये आला आणि होलोग्राम खरोखर घेता येऊ लागले. त्यासाठी वापरात आलेलं डायक्रोमेट घातलेलं जिलेटिन फार तेजस्वी ग्रेटिंग देई, पण ओलाव्याने ते पुसलं जाई. जुनंच दुखणं.

1969 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूज प्रयोगशाळेतल्या मंडळींनी वेगळी वाट धरली: ॲक्रिलामाइड आणि धातूंचे ॲक्रिलेट हे मोनोमर, म्हणजे साखळीत जोडले जाणारे सुटे रेणू, त्यात मिथिलीन ब्लू हा रंग, आणि समोर रुबी लेझर. आत नेमकं काय घडतं याचा उलगडा 1971 मध्ये कोलबर्न आणि हेन्स यांनी केला. उजेडाच्या पट्ट्यांत मोनोमरचे रेणू जोडले जाऊन साखळ्या बनतात, तिथे मोनोमर कमी पडतो, म्हणून अंधाऱ्या पट्ट्यांतून तो तिकडे वाहत येतो. घनता दोन्हीकडे वेगळी होते, तेच ग्रेटिंग. मला हा साऱ्या वंशावळीतला कळीचा क्षण वाटतो, कारण टिकाऊपणाची अडचण त्यातच दडलेली आहे. ज्या हालचालीने रेघ उमटते, तीच पुढे चालू राहिली तर रेघ फिकी पडते. उरलेला मोनोमर सरकत राहतो, आखूड साखळ्याही सरकतात. म्हणून शेवटी सगळ्या फिल्मवर सारखा प्रकाश टाकून मोनोमर संपवावा लागतो.

दुसरा शत्रू म्हणजे आकसणं. साखळी बनताना रेणू जवळ येतात आणि थर दबतो. 532 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने घेतलेल्या परावर्ती ग्रेटिंगच्या रेघा जेमतेम 180 नॅनोमीटरवर असतात; थर एक टक्का आकसला की परतणारा रंग सुमारे पाच नॅनोमीटरने निळ्याकडे जातो. शोभेच्या होलोग्राममध्ये हे खपून जाईल. माहिती साठवायची तर नाही खपत. पोलरॉइडच्या संशोधकांनी यावर वलय उघडणारे मोनोमर आणले, वलय उघडताना आकसणं बरंचसं भरून निघतं. बेल लॅब्जने आधी युरेथेनची घट्ट चौकट बनवून लिहिणारा मोनोमर तिच्यात वेगळा ठेवला.

आपल्याकडे कोचीन विद्यापीठात मिथिलीन ब्लू आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घेऊन अशा फिल्मवर काम झालं. हे अल्कोहोल स्वस्त आणि पाण्यात विरघळणारं, म्हणून हाताळायला सोपं. पण त्याच गुणामुळे ते हवेतली ओलही ओढतं. दमट हवेच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

बेल लॅब्जच्या त्या रसायनातून इनफेज कंपनी निघाली. होलोग्रामच्या रूपात माहिती साठवणारी आपली 300 गीगाबाइटची तबकडी पन्नास वर्षं टिकेल, असं तिने सांगितलं. असा आकडा तापवून, ओलावा देऊन, वार्धक्य घाईने आणून काढलेला असतो. कंपनी स्वतः 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या उरलेल्या तबकड्या कुणीतरी दर काही वर्षांनी वाचून पाहाव्यात आणि निकाल छापावेत, असं मला मनापासून वाटतं.