मोटारीची चावी व रिमोट

मोटारीचे कुलूप उघडणारे आणि इंजिन सुरू करण्याची मुभा देणारे साधन. आधुनिक चावीत बहुधा दोन स्वतंत्र यंत्रणा नांदतात. बिघाड ओळखताना घोळ होतो तो इथेच.

बटणांचा रिमोट सेलवर चालतो. भारतात व युरोपात तो बहुतेक वेळा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, अमेरिकेत ३१५ वर. इंजिन सुरू करण्याची मुभा देणाऱ्या इमोबिलायझरच्या चिपला मात्र सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते. म्हणून रिमोटने दार उघडले नाही, तरी गाडी सुरू होऊ शकते. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा आहे.

रिमोटचा पल्ला घटला, की आधी सेल बदलावा. अनेक रिमोटांत ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’ बसतो. सेल पूर्ण संपला, तरी पुश-बटणाच्या गाडीत रिमोटमध्येच दडवलेल्या पात्याने दार उघडते. पुढे बऱ्याच मॉडेलांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवला की काम होते.

चावी हरवल्यास मात्र नुसते पाते कापून भागत नाही. नवी चिप गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते आणि जुनीची नोंद पुसावी लागते. भारतात चोरीचा दावा करताना विमा कंपन्या सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात. तेव्हा हरवल्याची पोलिसांत लेखी नोंद केलेली बरी.