निळी पुस्तके आणि वेल्श साहित्यातील सभ्यतेचा प्रश्न

औद्योगिकीकरण आणि लहान भाषांचा ऱ्हास यांचा कार्यकारणसंबंध साहित्याच्या समाजशास्त्रात जवळजवळ गृहीत धरला जातो. यंत्र आले की गाव मोडते, गाव मोडले की भाषा मोडते, अशी ही साखळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वेल्सचा अनुभव मात्र या साखळीत बसत नाही. तेथील भाषा लोखंडाच्या भट्ट्यांभोवती वाढली. तिच्या साहित्याला खरा धक्का बसला तो एका सरकारी अहवालाने.

मर्थर टिडफिल या गावाची १८०१ मधील लोकसंख्या सुमारे ७,७०० होती. १८५१ मध्ये ती ४६,०००हून अधिक झाली. डाउलाइस, कवार्थ्वा, प्लिमथ आणि पेनिडॅरन या चार लोहकारखान्यांच्या आधाराने हे वेल्समधील सर्वांत मोठे नगर उभे राहिले. तेथे आलेले बहुसंख्य लोक वेल्सच्याच ग्रामीण भागातून आले होते आणि त्यांनी आपली भाषा, आपले प्रार्थनामंदिर व रविवारची शाळा बरोबर आणली. आयर्लंडमधील उपाशी शेतकऱ्याला समुद्र ओलांडावा लागला. वेल्श शेतमजुराला डोंगर उतरून खोऱ्यात येणे पुरेसे झाले. अर्थशास्त्रज्ञ ब्रिनली टॉमस याने १९५९ साली मांडलेला हा सिद्धान्त पुढे बराच वादग्रस्त ठरला, आणि ते योग्यच झाले. कारण त्याच कोळसाखोऱ्यांत नंतर इंग्रजीभाषकांचे लोंढे आले आणि १९०१ च्या जनगणनेत वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या किंचित खाली गेले. तरीही आरंभीच्या दशकांपुरते त्याचे म्हणणे टिकते. वाचणारा, वर्गणी भरणारा, सभेला जमणारा वेल्श वाचकवर्ग ग्रामीण दारिद्र्याने घडवला नाही. तो मजुरीच्या रोख पैशाने घडवला. डिक डवुथ या टोपणनावाने ओळखला जाणारा अंध शाहीर मर्थरच्या रस्त्यांत आपली कवने गाऊन त्यांची चौपानी विकत असे. वाङ्मयेतिहासात त्याला तळटीपेपेक्षा अधिक जागा क्वचितच मिळाली आहे.

ही उपेक्षा आपोआप घडलेली नाही. १८३१ चा मर्थरचा उठाव, १८३९ चा न्यूपोर्टचा सनदवादी उठाव आणि त्याच सुमारास पश्चिमेकडे जकातनाक्यांविरुद्ध उसळलेले रिबेका दंगे यांमुळे लंडनचे राज्यकर्ते अस्वस्थ होते. ज्या लोकांची भाषा कळत नाही त्यांच्या सभांत काय शिजते हेही कळत नाही, ही त्यातील मुख्य भीती. शाळा ही फौजेपेक्षा स्वस्त पडते, असा युक्तिवाद त्या काळी उघडपणे केला जात होता. १८४६ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी लिंगेन, सायमन्स आणि जॉन्सन हे तीन आयुक्त नेमले गेले. तिघेही इंग्रज, तिघेही अँग्लिकन. वेल्श एकालाही येत नव्हती. १८४७ साली निळ्या वेष्टनात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचे तीन खंड शाळांच्या दुरवस्थेविषयी पुष्कळच खरे सांगतात. परंतु ते तेथे थांबत नाहीत. वेल्श भाषा हा प्रगतीतील अडसर, प्रार्थनामंदिरांतील रात्रीच्या सभा हे अनीतीचे निमित्त आणि वेल्श स्त्री चारित्र्याने सैल, असा निष्कर्ष त्यांतून निघतो. साक्षीदारांत अँग्लिकन धर्मगुरूंचा मोठा भरणा होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. लिंगेनचे एक निरीक्षण मात्र अधिक भेदक आहे: वेल्श माणूस कारखान्यात श्रमिक म्हणून सर्वत्र आढळतो, कचेरीत आढळत नाही. त्याने दोष भाषेला दिला. मालकीच्या रचनेकडे त्याची दृष्टी गेली नाही. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा स्वर अनोळखी वाटणार नाही, जरी वेल्समध्ये शासक आणि शासित एकाच संसदेखाली होते.

१८५४ साली आर. जे. डेर्वेल याने या प्रकरणावर नाटक लिहिले आणि त्याच्या शीर्षकातून ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. रोष खरा होता. पण रोषाने कोणते वाङ्मय घडवले, हा समीक्षेचा प्रश्न आहे. येयान ग्विनेद या धर्मोपदेशकाने अहवालाचे सडेतोड खंडन केले आणि १८५० मध्ये स्त्रियांसाठी ‘अ गम्राइस’ हे मासिक काढले. त्यातील आदर्श स्त्री स्वच्छ, संयमी, गृहकृत्यदक्ष आणि धर्मनिष्ठ आहे. आयुक्तांचा आरोप नाकारताना त्यांचा मापदंड मात्र स्वीकारला गेला. येथून पुढे वेल्श साहित्य जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून लिहिले जाते: आपण निष्कलंक आहोत हे सिद्ध करण्यासाठी. दारू, संप, भट्टीवरील अपघात आणि खोलीत कोंबलेली कुटुंबे यांचे चित्रण करणे म्हणजे विरोधी पक्षाला पुरावा पुरवणे. लोककवनांना ते करता येत होते, कारण त्यांच्याकडून प्रतिष्ठेची अपेक्षा नव्हती. आयस्टेद्वोदच्या काव्यस्पर्धांत, १८६१ साली अॅबरडेअर या कोळशाच्या गावी राष्ट्रीय स्वरूपात भरू लागलेल्या उत्सवातसुद्धा, हे कठीण होते.

केरिओगचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जॉन केरिओग ह्यूज हा मँचेस्टरच्या रेल्वेत कारकून होता. मालाच्या पावत्या त्याच्या हाताखालून जात. त्या काळातील सर्वांत लोकप्रिय वेल्श भावकवी असलेल्या या गृहस्थाने उभा केला तो डोंगरउतारावरील साधा शेतकरी अॅलन मेबन. त्याला पलायनवादी म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ज्या वाचकांसाठी तो लिहीत होता त्यांना आपल्या निर्मळपणाचा दाखला हवा होता आणि हा शेतकरी तो देत होता. आश्चर्य हे की, ही प्रतिमा विकत घेणारे पुष्कळसे हात कोळशाने काळे झालेले होते.

१८६५ साली अॅबरिस्टविथ येथील आयस्टेद्वोदमध्ये लग्नाच्या अंगठीवरील कवितेसाठी याच केरिओगला आणि इस्लुइनला मागे टाकून पारितोषिक मिळाले ते क्रानोग्वेन या नावाने लिहिणाऱ्या सारा जेन रीस हिला. ती जहाजाच्या कप्तानाची मुलगी. खलाशांना नौकानयनाचे गणित शिकवत असे आणि अविवाहित राहिली. तिने विवाहित स्त्रियांच्या निरनिराळ्या अवस्था त्या अंगठीतून पाहिल्या, आणि त्यांतील एक नवऱ्याच्या जाचाने पिचलेली आहे. १८७९ ते १८८९ या काळात तिने ‘अ व्रथोनेस’ हे स्त्रियांचे मासिक संपादित केले.