दोराचे दोन वेढे

नाशिकच्या गावठाणात, एका जुन्या वाड्याच्या कौलांवर झुकलेली वडाची फांदी उतरवताना मी पाहिली. करवत्याने दोर वरच्या बेचक्यातून ओवून फांदीला बांधला, खालचे टोक बुंध्याला दोन वेढे देऊन एका किरकोळ पोराच्या हाती दिले. मला धास्ती कौलांची.

तीस सेंटिमीटर जाडीची, चार मीटर लांबीची ओली फांदी पाव टनाहून जड भरते. ती तो पेलणार कशी? अठराव्या शतकात ऑयलरने मांडलेले सूत्र १८०८ मध्ये आयटेलवाइनच्या ग्रंथात आले: वेढ्यांगणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२५ धरला तर दोन वेढ्यांत २८० किलोंना सुमारे १२ किलोंची ओढ पुरते. तिसऱ्या वेढ्याने ती अडीचवर येते. मग हलकी फांदी अधांतरीच अडते.

बंदरात जहाज खुंटाला आवरतात ते याच युक्तीने. आमच्या मोटेच्या नाड्याचे उलटे: तिथे चाक असते ते दोर सहज पळावा म्हणून, इथे बुंधा असतो तो पळू नये म्हणून. मात्र कोसळती फांदी एकदम अडवली तर दोरावर वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. पोराने दोर सरकू देत ती थांबवली.

२०२१ च्या दुरुस्तीने शहरातले पन्नाशी गाठलेले झाड वारसा वृक्ष ठरते. तो वड त्याहून कितीतरी जुना. फांदी गेली, झाड राहिले. कौल एकच फुटले, तेही करवत्याच्या पायाखाली.